एकोडीची सतरंजी

दोन महिन्यांपूर्वी नागपुरातल्या एका हॉटेलच्या थंडगार सभागृहात व्याख्यान द्यायला गेलो होतो. निवृत्त बँक अधिकारी, त्यातून चार कादंबऱ्या नावावर, म्हणजे असल्या ठिकाणी बोलवायला सोयीचा माणूस. समोर दीडएकशे अधिकारी बसले होते, बहुतेक तिशी-चाळिशीतले. विषय होता ‘नेतृत्व आणि अध्यात्म’. माझ्या आधी एका तरुण प्रशिक्षकाचं सत्र झालं. त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले, बासरीची ध्वनिफीत लावली आणि दहा मिनिटांनी डोळे उघडायला सांगून पडद्यावर आलेख दाखवले. मन शांत झालं की उत्पादकता वाढते, कर्मचारी नोकरी सोडत नाहीत, ग्राहक खूश राहतात, असा त्या आलेखांचा मथितार्थ होता.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. डोळे मिटायचा हुकूम मीही अर्धवटच पाळला होता. शेजारची एक मुलगी टेबलाखाली मोबाइल धरून, बासरी चालू असताना, शाखेचे ठेवींचे आकडे कुणाला तरी पाठवत होती. वरून मागणी आलेली असणार. तिला दोष द्यावा असं मला वाटलं नाही. ध्यान करायला सांगणारा साहेब आणि त्याच वेळी आकडे मागणारा साहेब एकच असेल, तर माणसानं कुणाचं ऐकायचं?

माझ्या खिशात टाइप केलेलं भाषण होतं. त्यात गीतेतला लोकसंग्रह होता, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’तला कर्मयोग होता. भाषण चांगलं होतं. ते खिशातच राहिलं. उभा राहिलो आणि एकोडीबद्दल बोलायला लागलो.

एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं गाव. धानाचा मुलूख. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात आणि ते खोटं नाही. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, ज्यांना सरकारी भाषेत माजी मालगुजारी आणि लोकांच्या बोलीत ‘मामा तलाव’ म्हणतात, ते इथं गावोगाव आहेत. कोहळी समाजानं तलाव बांधण्यात नाव कमावलं ते याच भागात. पावसाळ्यात पऱ्हे, मग रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी, आणि नंतर बांध्यांमधून उभे राहिलेले धानाचे पुंजणे. मी मराठवाड्यातला, ज्वारी-कापसाचा माणूस. इथं आलो तेव्हा वाफ्याला ‘बांधी’ आणि लहानशा तळ्याला ‘बोडी’ म्हणतात, इथपासून शिकायचं होतं.

१९८९ सालची गोष्ट. वय तीस, शाखाधिकारी म्हणून पहिलीच नेमणूक. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेनं ‘सेवाक्षेत्र’ योजना लागू केली होती. प्रत्येक ग्रामीण शाखेला साधारण पंधरा ते पंचवीस गावं वाटून दिलेली. आमच्या वाट्याला आलेल्या गावांत एकोडी होतं. शाखेत सहा माणसं, एक राजदूत मोटरसायकल आणि थकबाकीची भलीमोठी यादी. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून गाई-म्हशी, बैलजोड्या, शिलाई यंत्रं यांसाठी दिलेली कर्जं. एक भाग सरकारी अनुदान, बाकीचं बँकेचं कर्ज. डिसेंबर म्हणजे धान घरात येण्याचा महिना, आणि म्हणून वसुलीचाही.

गावातल्या एकानं सुचवलं, संध्याकाळी प्रार्थनेला या, सगळे एका जागी भेटतात. विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा या मुलखात खेडोपाडी आहेत. संध्याकाळी गाव एकत्र बसतं, थोडा वेळ शांत राहतं, मग सगळे मिळून प्रार्थना म्हणतात. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. खंजिरी वाजवत भजनं म्हणणारा हा माणूस १९५५ साली ‘ग्रामगीता’ देऊन गेला, आणि तिच्यात मोक्षाइतकीच गावच्या रस्त्यांची, संडासांची आणि संघटनेची काळजी आहे. एवढं मला पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं की थकबाकीदार एका जागी सापडणार आहेत.

मोठी सतरंजी अंथरलेली. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मी सवयीनं खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची नव्हती. सरपंच, मास्तर, बिनजमिनीचा मजूर, सगळे खालीच. मीही बसलो. प्रार्थना संपली, आणि लोक उठायच्या आत मी पिशवीतून यादी काढली आणि वाचायला लागलो. नाव, वडिलांचं नाव, थकीत रक्कम. आवाज मुद्दाम मोठा. चारचौघांत नाव निघालं की माणूस पैसे आणून देतो, हे प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. पण वरिष्ठांकडून ऐकलेलं होतं.

सातवं की आठवं नाव एका विधवा बाईंचं होतं. म्हशीचं कर्ज. त्या बायांच्या बाजूला बसल्या होत्या. उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘साहेब, म्हैस त मेली जी. बिल्ला मी आनून देला होता तुमच्या बँकेत.’

विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला ठोकतात. जनावर मेलं की पशुवैद्याचा दाखला आणि तो बिल्ला दिल्याशिवाय विमा कंपनी दावा मानत नाही. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. मी म्हटलं, ‘बाई, असं सगळेच सांगतात.’ कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, ‘साहेब, हे यादी वाचाची जागा नाही जी.’ आवाजात राग नव्हता. पाहुण्याला चप्पल बाहेर काढायला सांगावं तसं सांगितलं. मी यादी पुरी केली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी, निव्वळ आपलं खरं करायला, मी जुनी टपालं काढायला लावली. आमच्या दप्तरींनी तासाभरात एक खाकी पाकीट आणून टेबलावर ठेवलं. आत पशुवैद्याचा दाखला, बाईंच्या अंगठ्याचा अर्ज आणि पितळी बिल्ला. आठ महिने ते पाकीट आमच्याच एका खणात पडून होतं. दावा विमा कंपनीकडे गेलाच नव्हता.

मी ताबडतोब दावा पाठवला. चूक आमची असल्याचं वरच्या कार्यालयाला कळवलं. मला वाटलं, झालं. दप्तरी मात्र दारात घुटमळत उभे. पंचावन्नच्या आसपास वय, शिक्षण चौथी, सगळी शाखा त्यांना काका म्हणायची. म्हणाले, ‘साहेब, चारचौघात बोल्ले. कागदावर दुरुस्ती करून कसं होईन? चारचौघातच फिरवा लागन.’

मला राग आला. बँकेच्या अधिकाऱ्यानं गावासमोर माफी मागितली तर उद्या वसुली कोण देणार? दोन रात्री नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. प्रार्थना संपल्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की पाकीट आमच्याकडेच होतं, बाई खरं बोलत होत्या, खोटा मी पडलो. बाई काही बोलल्या नाहीत. पदर सारखा करून बसून राहिल्या. म्हाताऱ्यानं जवळ सरकून सतरंजीवर हात आपटला, म्हणजे बसा. मी बसलो. कुणीतरी चहा आणला.

इथं गोष्ट गोड करून संपवायचा मोह होतो. पण तशी ती संपली नाही. विमा कंपनीनं उशिराचं कारण दाखवून दावा नाकारला. नुकसान बँकेनं सोसावं असं मी लिहिलं, तर उत्तर आलं की आधी कोणा कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे ते निश्चित करा. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते तसंच पडून राहिलं, पाकिटासारखंच. १९९० साली दहा हजारांपर्यंतच्या थकबाकीची देशभर कर्जमाफी झाली, तीत बाईंचं कर्ज गेलं. म्हैस परत आली नाही. वसुलीही माझ्या माफीमुळे वाढली नाही. कर्जमाफीच्या चर्चेनं ती उलट घसरली.

बदल झाला तो दुसरीकडे. पंधरा दिवसांनी आमचा एक कारकून केबिनमध्ये आला आणि म्हणाला, ‘सर, सहा खात्यांना मी व्याज जास्त लावलंय. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.’ महिन्याभरात रोखपालानं जुना एक फरक आपणहून सांगितला. तोवर या शाखेत चुका होतच नव्हत्या असं रजिस्टरवरून दिसत होतं! माणसं काही रातोरात प्रामाणिक झाली नव्हती. साहेब स्वतःची चूक बोलून दाखवतो आणि त्याचं काही बिघडत नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं. खरं बोलणं त्या खोलीत सुरक्षित झालं होतं. कामाच्या ठिकाणी आत्मा नावाची काही चीज असेलच, तर तिला वस्तीला यायला एवढी जागा लागते, असं मला आज वाटतं.

अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचा एक गृहस्थ टेलिफोन कंपनीत सारी हयात काढून १९६४ साली निवृत्त झाला. १९७० साली त्यानं एक निबंध लिहिला. पुढारी आधी सेवक असला पाहिजे, हा त्याचा गाभा. कल्पना सुचली ती हर्मन हेसेच्या एका कादंबरीवरून. तीत एका यात्रेकरूंच्या मंडळात सामान वाहणारा, गाणी म्हणणारा नोकर असतो. तो नाहीसा होतो आणि मंडळ मोडतं. शेवटी कळतं की तोच त्यांचा प्रमुख होता. ग्रीनलीफनं पुढाऱ्याची कसोटी सांगितली ती मला फार व्यवहारी वाटते: ज्यांची सेवा केली ती माणसं मोठी झाली का, अधिक स्वतंत्र झाली का, आणि सगळ्यांत खालच्या माणसाचं काय झालं? आपल्याकडे कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक एस. के. चक्रवर्ती यांनी वेदान्तातली मूल्यं व्यवस्थापनात आणण्याचा ध्यास घेतला आणि १९९२ साली तिथं त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. पुस्तकांची वाण नाही. पण मराठी माणसाला त्यासाठी इतकं लांब जायचं कारण नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कीर्तन आणि मग ‘आता तुम्ही झाडा’, असं नाही. कृष्णेच्या खोऱ्यात, औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या लक्ष्मणरावांचं नाव कुणी अध्यात्माशी जोडत नाही. पण शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कारखान्यावर पहाऱ्याला ठेवलं. ज्याला जगानं चोर ठरवलं त्याच्या हाती किल्ल्या देणं, याला दुसरं काय म्हणायचं?

आणि आमच्या विदर्भातलेच बाबा आमटे. वरोऱ्याला वकिली करणारे, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांचं दुःख समजून घ्यायला या माणसानं डोक्यावरून मैला वाहिला. त्याच काळात एका पावसाळी रात्री गटारापाशी पडलेला, हातपाय झडलेला कुष्ठरोगी दिसला आणि बाबा भीतीनं पळाले. ही हकीकत त्यांनी लपवली नाही. स्वतः सांगत राहिले. पळाले, आणि परत फिरले. पुढं १९४९ साली आनंदवन सुरू झालं, आणि तिथं रुग्णाला भिक्षा न देता काम दिलं गेलं. आनंदवनाचं मूळ धैर्यात आहे असं आपण म्हणतो. मला ते त्या पळण्याच्या कबुलीत दिसतं.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल. अध्यात्म हे वरच्याच्या हातातलं फार सोयीचं हत्यार आहे. बदली शिपाई म्हणून वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणाऱ्या पोराला, कायम करायचं सोडून निष्काम कर्माचं व्याख्यान ऐकवलेलं मी पाहिलंय. फळाची आशा धरू नकोस, हे ज्याच्या पदरात फळ पडलेलं असतं तोच दुसऱ्याला सांगतो. रात्री नऊपर्यंत बसवून घ्यायचं आणि त्याला ‘सेवा’ म्हणायचं. शिवाय कचेरी ही कुणा एका पंथाची नसते. तिथं सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारीही माणसं पोट भरायला येतात. साहेबाच्या देवापुढं त्यांनी हात का जोडावेत? तुकडोजी महाराजांनी प्रार्थना ‘सामुदायिक’ केली, तिचा अर्थ मी असा घेतो की जी म्हणताना शेजारच्याला उठून जावंसं वाटेल ती प्रार्थना सतरंजीवर आणू नये.

आता माझी स्वतःची गोष्ट. एकोडीनंतर चोवीस वर्षांनी, २०१३ साली, मी एका विभागाचा प्रमुख होतो. तोवर पहाटे ध्यान करायची सवय लागली होती, टेबलावर काचेखाली एका सत्पुरुषाचं चित्र होतं, आणि कर्मचाऱ्यांना मी अधूनमधून दोन शब्द सांगतही असे. मार्चची बैठक. विमा पॉलिसींचं उद्दिष्ट अपुरं होतं. चोवीस शाखाधिकारी समोर. त्यातले एक, खेड्यातल्या शाखेचे, वयानं माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, उभे राहिले. म्हणाले, ‘सर, पीककर्जाला आलेल्या म्हाताऱ्याला आपण वर्षाला हप्ता भरायची पॉलिसी चिकटवतोय. पुढच्या वर्षी तो भरू शकणार नाही. पैसे जातील त्याचे. मला हे दिसतंय आणि मला ते जमणार नाही.’

ते खरं बोलत होते. मला ठाऊक होतं. मी ध्वनिक्षेपकातून म्हणालो, ‘तुम्हाला बँकेत नोकरी करायची आहे की कीर्तन?’

सभागृह हसलं. एकोडीला कुणी हसलं नव्हतं.

तीन महिन्यांनी त्यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. नोकरीची बरीच वर्षं बाकी होती, मुलगी बारावीत होती. मी ‘शिफारस’ असा शेरा मारून अर्ज पुढं पाठवला. त्या दिवशी सकाळीही मी ध्यान केलं होतं. त्यानंतर माझ्या विभागात मला कुणी काही उलट सांगितलं नाही. सगळं आलबेल होतं, म्हणजे सगळं झाकलेलं होतं. उद्दिष्ट पुरं झालं. त्यातल्या किती म्हाताऱ्यांनी दुसरा हप्ता भरला, ते मी कधी काढून पाहिलं नाही.

नागपूरच्या त्या व्याख्यानात मी हे दोन्ही प्रसंग सांगितले. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी ती टेबलाखाली आकडे पाठवणारी मुलगी जवळ आली. म्हणाली, ‘सर, एकोडीला तुम्ही तिसऱ्या दिवशी परत गेलात. या सरांकडे गेलात?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘बारा वर्षं झाली ना सर?’ एवढंच म्हणून ती कप ठेवायला गेली.

घरी आल्यावर चार दिवस शोधाशोध करून त्यांचा नंबर मिळवला. फोन केला. ते भंडाऱ्याजवळच्या एका गावात वडिलांची शेती करतात. मी जे सांगायचं होतं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, ‘या ना साहेब घरी. तांदूळ नेऊन जा नवे.’ कडवटपणा नव्हता. पण माफ केलं असंही ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

जाणार आहे. वाटेत एकोडीलाही जाईन म्हणतो. त्या बाई आता असतील असं नाही. दप्तरी काका तर केव्हाच गेले. पण फोन ठेवल्यावर काकांचं वाक्य कानात घुमत राहिलं. चारचौघात बोलले ते चारचौघातच फिरवावं लागतं. त्या दिवशी सभागृहात ते एक आणि हसणारे तेवीस जण होते. कुणी निवृत्त झाले, कुणी पुण्या-मुंबईला गेले, दोघं राहिलेही नाहीत. त्या सगळ्यांना परत एका सतरंजीवर बसवणं माझ्या हाती उरलेलं नाही.

रविवारी सकाळी हे पान त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी जातं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना ते आठवेल. तर त्या तेवीस जणांना सांगायचं ते असं: ते खरं बोलत होते, खोटा मी पडलो.